माझ्या मांडीवर सुनेचा गुडघा

केनवडला कुणी माझ्या जखमेबद्दल विचारलं की मी गुडघ्यापाशी हात लावून दाखवतो. जखम तिथे नाही. ती बरीच वर आहे, मांडीच्या आतल्या बाजूला, जांघेला लागून. विचारणाऱ्यालाही ते माहीत असतं, कारण सगळ्या गावाला माहीत आहे. तरी तो "बरं झालं, गुडघ्याची वाटी वाचली" म्हणतो आणि आम्ही दोघंही पिकापाण्याकडे वळतो.

उपकेंद्रातल्या सिस्टरबाई माझ्या मागे लागल्या होत्या. "भाऊ, तुमी बोलता लय. हे बी बोला ना. रक्त चाललं असलं तं काय करावं अन् काय करू नये, ते लोकाईले तुमच्या तोंडून कळंल." तोंडून मला जमलं नाही. म्हणून लिहितो आहे. लिहिताना समोर कुणी बसलेलं नसतं, तेवढंच बरं.

आमच्या घरची रीत

हे आधी सांगितलं नाही तर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या घरात सून सासऱ्यासमोर डोक्यावरून पदर घेते, त्याच्याशी थेट बोलत नाही, त्याच्यासमोर खाटेवर बसत नाही. वैशाली, माझी सून, बारावी झालेली आहे, पण लग्न होऊन आल्यापासून तिनं ही रीत कधी मोडली नाही. चहा आणला की कप दाराजवळच्या स्टुलावर ठेवायची आणि बांगड्या वाजवायची. मी वळून बघेपर्यंत ती आत गेलेली असायची. मलाही तिच्याकडे काही काम असलं की मी भिंतीकडे बघून बोलायचो, "कोनी असंल तं पानी आना." पाणी यायचं.

गावात बाकीच्या घरांतून हे केव्हाच गेलं. सुना गाऊनवर अंगणात उभ्या राहून सासऱ्याला मोबाईलचा रिचार्ज मारायला सांगतात. मी पानटपरीवर बसून त्यांना नावं ठेवायचो आणि आमच्या घरचं कौतुक करायचो. लोक हो ला हो करायचे. मला ते खरं वाटायचं.

पत्रा

सोयाबीन निघालं होतं, तूर उभी होती. संतोष, माझा मुलगा, माल घेऊन रिसोडच्या मार्केटला गेला होता. घरची मंडळी लेकीकडे आसेगावला गेली होती. शेतात मी आणि वैशाली दोघंच. ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गवत कापत होती, मी गोठ्याचा उचकटलेला पत्रा बसवायला वर चढलो. चढू नका, मी आल्यावर बघतो, असं संतोष सकाळीच म्हणाला होता. त्यानं नको म्हटलं नसतं तर कदाचित मी चढलोही नसतो. माझा स्वभाव असा आहे.

पत्र्याखालची लाकडी बल्ली कुजलेली होती. ती मोडली, मी खाली आलो, पत्राही माझ्याबरोबर आला. त्याची कड कुठे लागली ते मला आधी समजलंच नाही. दुखलंही नाही. कुणी मांडीवर कोमट पाणी ओतल्यासारखं वाटलं. बघतो तर धोतर भिजत चाललेलं.

आता मी काय काय केलं ते सांगतो. त्यातलं एकही कुणी करू नये.

मी मूठभर काळी माती घेतली आणि जखमेत भरली. माझा बाप पायाला कुऱ्हाड लागली की असंच करायचा. मग खिशातली डबी काढून वरून तंबाखूही भरली. धोतराचा बोळा करून दाबला. इथवर आलो होतो तर निदान दाबत राहायचं, पण मला थांबलं का ते बघायचं होतं. बोळा उचलला की धार. पुन्हा दाबायचं, पुन्हा उचलून बघायचं. रक्त थांबायला त्याला एका जागी निवांतपणा लागतो आणि मी तो त्याला देतच नव्हतो. दोरीनं आवळून बांधावं म्हणून दावं ओढलं, पण जखम इतकी वर की बांधायला जागाच नाही.

‘पदर घे’

आवाज ऐकून वैशाली धावत आली. मी काय केलं असेल? धोतर ओढून पाय झाकून घेतला. आणि ती काय करत होती? ती गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि भिंतीलाच विचारत होती.

"मामाजी, कुठं लागलं?"

"तू नको येऊ इकडं. गडीमानूस बोलाव. दत्ताले बोलाव."

दत्ता म्हणजे नाल्यापलीकडचा आमचा शेतशेजारी. ती पळाली. मी गव्हाणीला टेकून बसलो आणि पुन्हा बोळा उचलून बघितला. तोंडाला कोरड पडली होती. ऊन होतं, तरी अंगात थंडी भरत होती. त्या वेळी मला मरणाची भीती वाटली का? वाटली. पण मन दुसरीकडेच होतं. दत्ता येईल तेव्हा मी नीट झाकलेला असलो पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

दत्ता आला नाही. वैशालीच परत आली, एकटी. ती फक्त धुऱ्यापर्यंत जाऊन फिरली होती. पळता पळता फोनवर दत्ताला पिकअप घेऊन यायला सांगितलं होतं. आल्या आल्या तिनं अंगातला शर्ट काढला. शेतात बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, तो. त्याची घडी केली, माझा हात बाजूला फेकला, धोतर सारलं आणि तो शर्ट जखमेत कोंबून दोन्ही हातांनी अंगाचा सगळा भार दिला.

"झोपा," म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून माझ्याशी थेट बोललेला तो तिचा पहिला शब्द.

मी आडवा झालो. ओरडलोही असेन, ती फार जोरानं दाबत होती. शर्ट लाल झाला, पण त्याच्या कडेनं येणारं रक्त कमी होत गेलं आणि मग बंद झालं. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आणि बघता बघता माझी नजर वर गेली. तिचा पदर खांद्यावर आला होता. डोकं उघडं.

मी म्हणालो, "पदर घे."

ती तशीच दाबत होती. मी पुन्हा म्हणालो, जरा आवाज चढवून. "डोकं उघडं हाये तुहं. पदर घे म्हनलं ना."

आणि तिनं घेतला. एक हात काढला आणि पदर डोक्यावर ओढला, विचार न करता, जसा ती रोज घरात ओढायची. जमून आलेलं सगळं फुटलं. शर्टाच्या खालून रक्त तिच्या मनगटापर्यंत आलं, बांगड्यांवरून गेलं. मी ते बघत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती.

त्यानंतर तिनं पदराकडे बघितलं नाही. शर्ट काढलाही नाही. त्याच्यावर माझाच शेला ठेवला, हात पुरेनात म्हणून त्यावर गुडघा रोवला आणि माझ्या मांडीवर चढून बसली. मी परत काहीतरी बोलायला लागलो.

"आता बोलू नका, मामाजी," ती म्हणाली.

केनवडचं स्टँड

दत्ताच्या पिकअपमध्ये मला उचलून टाकलं तेव्हाही तिनं दाब सोडला नाही. ती माझ्याबरोबरच वर आली, तशीच गुडघ्यावर. रस्ता गावातून जातो. स्टँडवर एसटीची वाट बघणारी माणसं, जीपवाले, चहाचं दुकान, पानटपरी, सगळं आपापल्या जागी होतं. गतिरोधकाशी गाडी हळू झाली आणि लोकांनी आत डोकावून पाहिलं. पानटपरीवर माझ्याच रोजच्या बैठकीतले लोक होते.

मी डोळे मिटून घेतले.

दत्ताला वाटलं माझी शुद्ध हरपली. वैशालीलाही तेच वाटलं. "मामाजी, आयकून राह्यले काय? मामाजी, बोला ना." मी ऐकत होतो. चांगला शुद्धीवर होतो. पण डोळे उघडले तर तिच्याकडे बघावं लागेल, आणि लोकांनी आम्हाला पाहिलं हे मला कळलंय हे तिला कळेल. म्हणून मी गप्प पडून राहिलो. ती रडायला लागली. रडताना आणखी जोरात दाबत होती. मेल्याचं सोंग घेऊन मी जिवंत माणसाला रडवत होतो, आणि तेही त्या माणसाला. पुढे मी पाणी मागितलं तेव्हा तिला हायसं वाटलं. पाणी तिनं दिलं नाही, नुसते ओठ ओले केले. दवाखान्यात म्हणाले, तेच बरोबर केलं, लगेच भूल द्यायची होती.

रिसोडला दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी तिला खाली उतरू दिलं नाही. "काढू नका, तशाच चला आत," म्हणाले. स्ट्रेचरवर मी आणि माझ्यावर ती, असे आम्ही आत गेलो. रक्ताच्या मोठ्या नळीची एक फांदी तुटली होती, ती बांधली. मोठी नळीच तुटली असती तर गोठ्यातच कारभार आटोपला असता. नंतर अँब्युलन्सनं वाशिमला हलवलं.

माती

वाशिमच्या दवाखान्यात मी बरेच दिवस पडून होतो, आणि तो सगळा काळ रक्तामुळे नाही. मातीमुळे. जखमेत पू झाला. रोज सकाळी जखम उघडायची, धुवायची, पुन्हा भरायची. हे काम एक तरुण सिस्टर करायची, माझ्या नातीपेक्षा थोडी मोठी असेल. सुनेनं पाहू नये म्हणून मी ज्या जागेवर धोतर ओढलं होतं, ती जागा आता रोज सकाळी सगळ्या दवाखान्यासमोर उघडी व्हायची. पहिल्या दिवशी मी तिला म्हणालो, एखादा पुरुष नाही का. ती हसली नाही, रागावलीही नाही. "आजोबा, तिकडं खिडकीकडं पाहा, मी पटकन आटोपते," म्हणाली. रोज ती तेच म्हणायची आणि रोज मी खिडकीकडं बघायचो. खाली जीपवाले प्रवासी ओढायचे, ते बघता बघता ड्रेसिंग होऊन जायचं. त्या पोरीचे उपकार आहेत माझ्यावर.

मोठे डॉक्टर मात्र तोडून बोलणारे होते. "माती कोणी भरली?"

"मीच."

"अन् दाबून कोणी धरलं?"

मी खिडकीकडं बघितलं. संतोष म्हणाला, "माह्या बायकोनं."

"मग लक्षात ठेवा. त्या दाबण्यानं तुम्ही वाचलात आणि तुमच्या मातीनं इथं पडलात."

संतोष रोज भांडं उचलायचा, मला पुसून घ्यायचा, कुशीवर वळवायचा. एकदा चादर बदलता बदलता म्हणाला, "बाबा, वैशाली काहून गप गप राह्यते? तुमी काही बोल्ले काय तिले?"

"मी काय बोलनार?" मी म्हणालो.

भेटायला येणाऱ्या बाया व्हरांड्यात बसायच्या. दाराला पडदा होता, पण आवाजाला नव्हता. एकीनं म्हटलं, "सासऱ्याच्या मांडीवर बसून आली म्हने गावातून." दुसरी हसली. तिथंच माझी बायको, सुमन, बसलेली होती. ती काही बोलली नाही. मी आत झोपल्यासारखा पडून राहिलो. मला उठून बसता येत होतं, दार जवळच होतं. "तिनं वाचवलं मले," एवढं ओरडून म्हणायला काही ताकद लागत नव्हती.

वैशालीही भेटायला यायची. पदर कपाळापर्यंत ओढलेला, पायथ्याशी उभी राहायची, डबा ठेवून निघून जायची.

घरी

घरी आलो तरी मी काठीवर होतो. चहा आता सुमन आणायची. बांगड्यांचा आवाज माझ्या खोलीकडे यायचाच बंद झाला. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की तिला लोकांच्या बोलण्याची लाज वाटते. बरंही वाटत होतं मला. दोघांनाही लाज वाटते, तर दोघांनीही गप्प राहावं. सोयीचं होतं ते.

मग एक दिवस सुमननं मला पायाला तेल लावता लावता सांगितलं. "पोरगी जेवत नाही धड. रडते. म्हनते, मामाजीचा जीव माह्यामुळं गेला असता."

"तिच्यामुळं काहून?"

"रिसोडच्या डाक्टरनं पुसलं म्हने, मधात हात सुटला होता काय, रक्त लय गेलं. तिनं हो म्हनलं. मीच हात काढला म्हनते. काहून काढला ते सांगत नाही."

मी सुमनकडे बघितलं नाही. तिनं तेलाची वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे निरखून बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिला माझं तोंड वाचता येतं. "तुमाले माहीत हाये," ती म्हणाली. "तुमीच सांगा मंग तिले." आणि उठून गेली.

मला सांगायला किती दिवस लागले ते लिहीत नाही. सकाळी ठरवायचो, दुपारी टाळायचो. सुनेशी बोलायची मला सवयच नव्हती. भिंतीकडे बघून हे सांगण्यासारखं नव्हतं. शेवटी एका दुपारी ती ओसरीवर मेथी निवडत बसली होती, मी काठी टेकत गेलो आणि समोरच्या पायरीवर बसलो. ती उठायला लागली.

"बस," मी म्हणालो. "त्या दिवशी हात तू नाही सोडला. मी सोडायले लावला. पदर घे म्हनलं मी. दोनदा म्हनलं."

ती मेथीच्या काड्या मोडत राहिली.

"तुमी नसतं म्हनलं तरी मी घेतला असता, मामाजी," ती म्हणाली. "सवय हाये ना."

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा बरं वाटलं म्हणेल. काहीतरी चांगलं बोलावं, तिच्या धाडसाचं बोलावं, म्हणून मी विचारलं, "मी तं तुले दत्ताकडं पाठोलं होतं. तू धुऱ्यावरून वापस आली. तुले भेव नाही वाटलं?"

"वाटलं ना. भेवानंच तं वापस आली."

"माह्या जिवाचं?"

तिनं मान वर केली. माझ्याकडे सरळ बघून बोलण्याची तिची ही पहिली वेळ. आवाजात राग नव्हता.

"खरं सांगू काय, मामाजी? तवा तुमच्या जिवाचं नव्हतं वाटलं. शेतात मी एकलीच होती. दत्ताभाऊ येईपावतर तुमी गेले असते, तं लोकाईनं मलेच इचारलं असतं, सासरा मरून राह्यला अन् तू कुठं पयत होती. अन् हात लावला तरी इचारतीनच, हे बी मालूम होतं. मंग मनात म्हनलं, मानूस जिता राहून इचारलेलं बरं."

तिनं निवडलेली मेथी सुपात घेतली. काड्या वेगळ्या केल्या.

मी तिला म्हणालो, "तुह्या जागी मी असतो तं मलेबी हेच भेव वाटलं असतं."

ते खोटं होतं. ती पडली असती तर मी तिला हात न लावता, गोठ्यात तशीच टाकून, बाईमाणूस शोधायला निघून गेलो असतो. ती तिथं मेली असती, आणि केनवडला मला कुणी काही विचारलं नसतं.